वेळेअभावी

“हसू नकोस रेश्मा, मिशी सुटतेय,” ऋताताई म्हणाल्या.

“मी कुठं हसतीय ताई, मिशीच हसतीय.”

देवळासमोरच्या स्टेजमागं ताडपत्री बांधून आमची मेकअपची खोली केली होती. मिशी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या ट्रंकेतली, एका टोकाला झुरळांनी खाल्लेली. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पायात करकर वाजणारं कोल्हापुरी पायताण. शर्ट आणि पायताण दोन्ही अभयसिंह निकमाचं.

आणि खुद्द अभयसिंह निकम माझ्यासमोर पत्र्याच्या पेटीवर बसला होता. अंगात माझ्या आण्णांचा विरलेला सदरा, गळ्यात आण्णांची हलगी, पायात आण्णांच्या टायरच्या तळव्याच्या चपला.

“कसा दिसतोय?” त्यानं मला विचारलं. “गरीब वाटतोय का?”

“वाटताय की.”

“तोंडाला अजून जरा माती लावू का?”

“आण्णा रोज तोंड धुतात.”

“रेश्मा, जजमेंट नको,” ताई हळूच म्हणाल्या. “अभय आत्ता एका प्रवासातून जातोय.”

प्रवासातून जाणारा अभय आरशात बघून गाल आत ओढत होता.

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगते. आमच्या बेलवंड्याच्या जत्रेत पालखीपुढं हलगी वाजवायचा मान मांगवाड्याचा, म्हणजे आमच्या घराचा. मान म्हणायचं, पण पालखी निकमांच्या घरासमोर आली की वाजवणाऱ्यानं चपला काढायच्या आणि वेशीपर्यंत अनवाणी जायचं. माझ्या आज्जानं काढल्या, पणज्याला मुळात चपलाच नव्हत्या. आण्णांनीही वर्षानुवर्षं काढल्या. मग सरकारनं सिमेंटचा रस्ता केला आणि घोटाळा झाला. मातीच्या रस्त्यावर अनवाणी चालता येतं. चैतातल्या दुपारी सिमेंटवर चालून बघा. त्या वर्षी निकमांच्या दारात आण्णा हलगी न थांबवता एवढंच म्हणाले, “पाय भाजतात मालक, यंदा राहू द्या.” आणि चपलांसकट पुढं गेले.

अभय पायऱ्या उतरून आला. हातात काठी होती. आण्णांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. म्हणजे जागेवर आहेत, पण वळत नाहीत. हलगीची बारीक काडी त्या हातात धरायची असते. एका दुपारी आमच्या घरातली हलगी बंद झाली.

पोलिसात तक्रार दिली. पोलीस चौकशीला आले तर कळलं की जत्रेच्या दिवशी अख्खं गाव शेतात कामाला गेलं होतं. देवळात फक्त देव होता आणि त्याचा जबाब कुणी घेतला नाही.

आण्णांचं मागणं एकच होतं. वकिलाला, पोलिसाला, आईला, सगळ्यांना ते हेच सांगायचे. “मला पैसं नकोत. त्याला जेलात घालून मला काय करायचंय? त्यानं चौकात उभं ऱ्हाऊन म्हणावं, मी मारलं. सगळ्यांच्या कानावर पडू दे. मग मी गप बसतो.”

एवढंच. एक वाक्य.

अशा वेळी ऋताताई पुण्याहून आल्या. त्यांच्या प्रकल्पाचं नाव होतं ‘जखम ते झंकार’. कलेच्या माध्यमातून जातीपातीच्या जखमा भरून काढायच्या, असं काम. माझी बारावी झाली होती आणि मी घरी बसून होते. ताई थेट आमच्या घरात आल्या, आईच्या हातचं कोरड्यास दोनदा मागून खाल्लं, आणि मला म्हणाल्या, “तुझे डोळे फार बोलके आहेत.” घरात माझ्या तोंडाबद्दल सगळे बोलायचे, डोळ्यांबद्दल कुणी बोललं नव्हतं. मी त्याच दिवशी त्यांची झाले.

शाळेच्या पटांगणात शिबिर लागलं. पहिल्या दिवशी ताईंनी सगळ्यांना गोलात बसवलं. गोल काही होईना, दोन अर्धे गोल झाले. मध्ये बैलगाडी जाईल एवढी फट. ताई म्हणाल्या, एकमेकांचे हात धरा. फटीच्या अलीकडं माझी चुलती, पलीकडं निकमांची सून. दोघी बराच वेळ एकमेकींच्या हाताकडं बघत बसल्या. शेवटी सुनेनं कमरेचा रुमाल काढला, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं चुलतीकडं टाकलं. ताईंचे डोळे भरून आले. “बघा,” त्या म्हणाल्या, “किती सुंदर रूपक.” सुनेनं घरी जाऊन रुमाल धुवायला टाकला, हे मला धुणाऱ्या बाईनंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आपली जखम रंगात काढायला सांगितली. सरपंच बापूसाहेब निकमांच्या वहिनींनी आपल्या पित्ताशयाचं ऑपरेशन काढलं, टाक्यांसकट. मग मातीत भावना घडवायला सांगितल्या तर दोन्ही अर्ध्या गोलांनी बैल केले. आमच्या गावात माती हातात दिली की बैलच होतो.

मग चपलांचा खेळ. सगळ्यांनी आपल्या चपला मधे ठेवायच्या आणि दुसऱ्याच्या घालून पटांगणाला चक्कर मारायची. दुसऱ्याचं जगणं तळपायातून कळतं, असं ताईंचं म्हणणं. चक्कर झाली. जगणं किती कळलं माहीत नाही, पण शिक्षकांची नवी सँडल त्यानंतर कुणाला दिसली नाही.

याच खेळातून ताईंना नाटक सुचलं. गेल्या जत्रेत जे झालं तेच यंदाच्या जत्रेत स्टेजवर करायचं, पण अदलाबदल करून. पहिल्या भागात मारणाऱ्याच्या घरचा माणूस मार खाणार आणि मार खाणाऱ्याच्या घरचा माणूस मारणार, पस्तावणार, पाया पडून माफी मागणार. दुसऱ्या भागात कपडे उतरवायचे, आपापल्या जागी यायचं, आणि खरं काय झालं ते आपापल्या तोंडानं सांगायचं.

मला वाटलं होतं निकम तयारच होणार नाहीत. पण तिथं रांग लागली. पिचलेल्याचं काम मलाच पाहिजे, म्हणून निकमांच्या तीन घरांत भांडण झालं. बापूसाहेबांनी निकाल दिला. “अभ्यालाच द्या. पंचायत समितीला उभा ऱ्हायचाय. लोकांनी त्याच्यासाठी जरा रडलेलं बरं.”

मारणाऱ्याच्या कामाला आमच्या वाड्यातला एकही बाप्या तयार होईना. नाटकात का होईना, निकमाच्या अंगावर काठी उगारायची म्हणजे उद्या विहिरीवर काय होईल कोण जाणे. शेवटी मीच उरले.

मी ताईंना विचारलं, “दुसऱ्या भागात अभयदादा खरंच बोलतील?”

ताईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. “त्या दुसऱ्या भागासाठीच तर हे सगळं चाललंय. माझा शब्द आहे तुला.”

मी घरी येऊन आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “चौकातच ना? सगळ्यांम्होरं?”

“देवळासमोर. माइकवर.”

“माइकवर,” आण्णा म्हणाले, आणि आईकडं बघून हसले. माइकचा त्यांनी विचारच केला नव्हता.

मग अभय हलगी शिकायला आमच्या घरी यायला लागला. ताईंची अटच होती, वाजवता आलं पाहिजे. पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं हाक मारली, “ए दगड्या,” आणि मग शिबिर आठवून थोड्या वेळानं जोडलं, “काका.”

आण्णांनी पाचटाचा जाळ करून हलगी शेकवली. ती तापून खणखणल्याशिवाय हात लावू दिला नाही. अभयच्या डाव्या हातात बारीक काडी दिली आणि आपल्या न वळणाऱ्या बोटांनी त्याची बोटं वळवून दाखवली. “अशी. दाबू नगा. नुसती टेकवायची.” मी चुलीपाशी बसून बघत होते. अभय एकदाच आण्णांच्या बोटांकडं बघत राहिला आणि काडी खाली पडली. त्यानं मान वर केली नाही. त्या दिवशी तो चहा पिऊन गेला, आमच्याच कपात.

आई म्हणाली, “पोरगं वाईट न्हाई.”

आण्णा म्हणाले, “हात चांगलाय त्याचा. लवकर धरलं.”

आणि जत्रेच्या आधीच्या तालमीत दुसरा भाग झाला. मी मिशी काढून उभी राहिले. अभयनं हलगी उतरवली, समोर रिकाम्या पटांगणाकडं बघत म्हणाला, “मी अभयसिंह निकम. दगडूकाकांना मी मारलं. काठी माझी होती. त्यांनी काहीच केलं नव्हतं.” आणि मग तो खरोखर रडला. नाक पुसायला त्यानं शर्टाची बाही वापरली, ह्यावरून मी समजले की हा अभिनय नाही. ताई रडल्या, मी रडले, लाइटवाला पण रडला.

मी पळत घरी आले. “आण्णा, म्हणाला तो. जसंच्या तसं म्हणाला.”

“रडला?”

“रडला.”

आण्णा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ गोठ्यापाशी उगाच दावं सोडत-बांधत बसले.

तर जत्रेची दुपार. आण्णा नवा धुतलेला सदरा घालून आले होते. जुना नाटकाला दिला होता. स्टेजमागं येऊन त्यांनी पायातल्या चपला काढून अभयपुढं ठेवल्या. “अंगठा जरा ढिलाय. शिवलाय मी, पर जपून.” मग माझ्याकडं बघितलं आणि मिशी बघून हसू दाबलं. “जाताना घेतो चपला,” म्हणाले, आणि अनवाणीच जाऊन पुढच्या सतरंजीच्या कडेला बसले. मधल्या खुर्च्यांवर आमदारसाहेब, बापूसाहेब आणि ताईंच्या संस्थेचे पुण्याचे पाहुणे.

नाटक सुरू झालं. अभय हलगी वाजवत आला आणि खोटं कशाला बोलू, झकास वाजवत होता. आण्णांची सगळी वळणं त्याच्या हातात उतरली होती. माणसं माना डोलवायला लागली. मग मी करकरत स्टेजवर आले.

“चपला काढ,” मी ओरडले.

“पाय भाजतात मालक,” अभय म्हणाला. आवाज असा लावला होता की पहिल्याच वाक्याला दोन बायकांनी पदर डोळ्याला लावला.

मी काठी उगारली. काठी म्हणजे वर्तमानपत्राची गुंडाळी. पहिल्या फटक्यात ती सुटली आणि अभयच्या खांद्यावर राशिभविष्याचं पान लटकायला लागलं. कुणी हसलं नाही. लोक माझ्यावर चिडले होते. “ए पोरी, बास की,” मागून आवाज आला. “पोरगी जन्माला आलीय का कसाब,” एक म्हातारी म्हणाली. दुसऱ्या फटक्याला माझी मिशी निघून अभयच्या सदऱ्याला चिकटली. तिसरा फटका मारणार तेवढ्यात अभयची आई थेट स्टेजवर चढली आणि मला ढकलत म्हणाली, “हात तर लाव माझ्या लेकराला.” ताईंनी तिला धरून खाली नेलं. गेल्या जत्रेत निकमांच्या घरासमोर खरी काठी चालली होती तेव्हा ही बाई आठ पावलांवर दारात उभी होती. तेव्हा तिच्या पायांना असा जोर आला नव्हता.

मग पाया पडायचं. मी गुडघ्यावर आले, खाली वाकले आणि मला अभयचे पाय दिसलेच नाहीत. आण्णांच्या चपला दिसल्या. अंगठ्याजवळची काळ्या दोऱ्याची शिवण, टाचेला पडलेला खड्डा. मी माझ्या बापाच्याच चपलांवर डोकं ठेवलं, फक्त आत पाय दुसऱ्याचे होते. मला एकदम खरंखुरं रडू आलं. “माझं चुकलं,” मी म्हणाले. “मला माफ करा. माझं चुकलं.” फोटोवाला जवळ आला. अभयनं मला खांद्याला धरून उठवलं. “ऊठ. मी तुला माफ केलं.”

टाळ्या थांबेनात. मी गालावरचा डिंक पुसला आणि अभयच्या सदऱ्यावरची मिशी काढून हातात घेतली. ही दुसऱ्या भागाची खूण होती. मी आण्णांकडं बघितलं. ते सतरंजीवर सरळ होऊन बसले होते, लहान मूल औषधाच्या चमच्यासाठी तोंड उघडून बसतं तसे.

अभयनं हलगी गळ्यातून काढली. माइकपाशी गेला.

तेवढ्यात सूत्रसंचालन करणारे गुरुजी दुसऱ्या माइकवर आले. “आमदारसाहेबांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असल्यानं वेळेअभावी नाटकाचा दुसरा भाग रद्द करण्यात येत आहे. आता ज्यांनी वंचितांचं दुःख आपल्या काळजावर पेललं, त्या अभयसिंह निकम यांचा सत्कार.”

मी अभयकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी विंगेत ताईंकडं बघितलं. ताई टाळ्या वाजवत होत्या.

शाल आली, नारळ आला. अभयचा सत्कार आण्णांच्या सदऱ्यातच झाला. आमदार म्हणाले, असे तरुण गावोगावी पाहिजेत. मग सगळे जीपमध्ये बसून निकमांकडं जेवायला गेले. अभय पण गेला, आण्णांच्या चपला घालून.

सतरंजी गोळा करणारी माणसं आली तरी आण्णा उठले नाहीत.

“दुसरा भाग कधी हाय?” त्यांनी त्या माणसांना विचारलं.

“कसला दुसरा भाग? संपलं की तात्या. उठा.”

आण्णा उठले. स्टेजमागं येऊन त्यांनी जमिनीवर इकडंतिकडं बघितलं. चपला नव्हत्या. हलगी होती, तिला झेंडूचा हार घातला होता. त्यांनी हार काढून ठेवला, हलगी काखेत घेतली आणि चालायला लागले. आमच्या वाड्याकडं जायला सरळ रस्ता एकच, निकमांच्या दारावरून. चैताची दुपार, सिमेंटचा रस्ता. आण्णा भरभर चालत होते. पाय भाजणारा माणूस जसा चालतो तसे, पण पळतोय असं दिसू नये म्हणून खांदे ताठ ठेवून.

मी मागून करकरत गेले. “आण्णा, ह्या घाला,” म्हणून अभयचं पायताण काढायला लागले.

“नको.”

“पाय भाजतायत तुमचे.”

“दुसऱ्याचं नको मला.”

निकमांच्या पडवीत पंगत बसली होती. आण्णा दारासमोरून गेले, अनवाणी, काखेत हलगी. कुणीतरी पाणी पिता पिता बघितलं आणि शेजारच्याला म्हणालं, “बघ, सुधारला दगडू. नाटकाचा फायदा झाला.” ते चेष्टेनं बोलत नव्हते. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

आण्णांना घरी सोडून मी तशीच परत आले. ताई शाळेत सामान जीपमध्ये भरत होत्या.

“दुसरा भाग का नाही झाला?”

“वेळ नव्हता गं.”

“अभयदादाला एक वाक्य बोलायचं होतं. शाल घालायला त्याहून जास्त वेळ लागला.”

ताई थांबल्या. हातातला रंगाचा डबा खाली ठेवला. “रेश्मा, तू मोठी आहेस, तुला सांगते. सकाळी बापूसाहेब आले होते. केस चालू असताना अभय माइकवर असं बोलला तर कोर्टात ते त्याच्या अंगावर येईल, असं त्यांचे वकील म्हणाले. दुसरा भाग ठेवला असता तर त्यांनी पहिलाही होऊ दिला नसता. मला निवड करावी लागली.”

“सकाळी?”

“हो.”

“म्हणजे मी पाया पडले तेव्हा तुम्हाला माहीत होतं. अभयला पण माहीत होतं.”

ताईंनी माझ्या गालाला हात लावला. तिथं अजून डिंक होता, त्यांची बोटं चिकटली. “तुला आधी सांगितलं असतं तर तू इतकं खरं रडली नसतीस,” त्या म्हणाल्या. “आणि ते रडणं बघून आज हे गाव थोडं बरं झालं. तू केलंस ते.”

त्या हे इतक्या प्रेमानं म्हणाल्या की मला त्यांच्यावर ओरडताही आलं नाही. मी म्हटलं, “ताई, आण्णांच्या चपला?”

“अभयकडून मागून घे ना.”

आम्ही मागितल्या नाहीत. त्यांच्या दारात जाऊन चपला मागायच्या, म्हणजे कुठल्या चपला ते सांगावं लागलं असतं. अभयनंही त्याचं पायताण मागितलं नाही. ते आमच्या माळ्यावर पडून राहिलं आणि शेवटी उंदरांनी खाल्लं.

पुढच्या तारखेला निकमांच्या वकिलानं कोर्टात फोटो दाखवला. फोटोत मी, डोकं अभयच्या पायावर. दगडू अवघड्याच्या मुलीनं भर गावात माफी मागितली आहे, प्रकरण आपसात मिटलं आहे. आमचा वकील सांगत राहिला की साहेब, ह्यात ती म्हणजे तो आहे आणि तो म्हणजे हिचा बाप आहे. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा फोटो बघितला. फोटोत होतं तेच दिसत होतं.

आणि गावाची तर कमालच. वर्षभरात गावाला सगळं नाटकासारखंच आठवायला लागलं. “काय मार खाल्ला होता बिचाऱ्या अभयनं,” असं बायका पाणवठ्यावर म्हणायच्या. अभय निवडून आला.

आण्णा त्या दिवसापासून गावात जायचं तर ओढ्याकडून वळसा घालून जायचे. नव्या चपला घेतल्या त्यांनी, पण निकमांच्या दारावरून गेले नाहीत.

मी पुढं एसटीत कंडक्टर झाले. मध्ये बरीच वर्षं गेली. मग ऋताताईंच्या संस्थेचं बोलावणं आलं, प्रकल्पाचा मोठा वर्धापनदिन आहे, तुला पाहुणी म्हणून यायचंय. नाही म्हणणार होते. पण रजा शिल्लक होती आणि एसटी मला फुकट होती.

हॉलच्या बाहेर प्रदर्शन होतं. गावोगावचे मातीचे बैल एका टेबलावर उभे होते, खाली पाटी, ‘भावना’. पुढं काचेच्या पेटीत, खाली मखमल टाकून, एक चपलांचा जोड होता. टायरचा तळवा. अंगठ्याजवळ काळ्या दोऱ्याची शिवण.

गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी लगबगीनं आली. “ह्या अभयसिंह निकमांच्या चपला, मॅडम. त्यांनी हेच नाटक आमच्यासोबत सगळीकडं केलं. नागपूर, लातूर, अगदी दिल्लीपर्यंत. दर प्रयोगाला ह्याच चपला घालायचे. म्हणायचे, ह्या घातल्या की मला ते दुःख आतून जाणवतं. शेवटी त्यांनी संस्थेला भेट दिल्या.”

“ह्या आधी कुणाच्या होत्या?”

“आधी?” ती गोंधळली. “त्यांच्याच ना.”

आतून माइकवर ताईंचा आवाज येत होता. केस पांढरे झाले असणार, आवाज तसाच मऊ. मुलगी दुसऱ्या पाहुण्यांकडं वळली. काचेच्या पेटीला कुलूप नव्हतं. विश्वास हा संस्थेचा पायाच होता. मी झाकण उचललं, पायातली सँडल काढून मखमलीवर ठेवली आणि आण्णांच्या चपला घातल्या. मोठ्या होत्या.

दारात वॉचमन आडवा आला. “मॅडम, वस्तूंना हात लावायचा न्हाई.”

“हात कुठं लावलाय? चपलांचा खेळ चाललाय. दुसऱ्याच्या घालून चक्कर मारायची.”

त्याच्या तोंडावर एकदम थकवा आला. त्यालाही खेळायला लावलं असणार. “अजून किती जण हायत?” त्यानं विचारलं.

“मी शेवटचीच.”

त्यानं दार उघडून धरलं.

घरी आले तेव्हा आण्णा अंगणात बाजेवर बसले होते. मी चपला त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी एक उचलली, शिवण बघितली, ओळखली. मग उलटी करून तळवा बघितला. बाहेरच्या कडेनं सपाट झिजला होता. आण्णा टाच आधी टेकवून चालतात. ही झीज त्यांची नव्हती.

“माझ्या येवढ्या झिजल्या नव्हत्या,” ते म्हणाले. “लय चालला की ह्यात.”

“दिल्लीपर्यंत गेल्या होत्या म्हणे.”

“दिल्लीला?” त्यांनी पाय आत घालून बघितला, दोन पावलं चालले आणि काढल्या. “बसत न्हाईत आता. त्याच्या पायाच्या झाल्यात ह्या.” चपला त्यांनी दाराच्या बाहेर, भिंतीला नीट लावून ठेवल्या. पुन्हा बाजेवर बसले. बराच वेळ त्या चपलांकडंच बघत होते. डाव्या हाताची ती दोन बोटं मांडीवर सरळ पडली होती.

“रेश्मे,” ते म्हणाले, “दिल्लीत तरी केला का गं त्यानं? दुसरा भाग?”

मी आत जाऊन चहा ठेवला.

“नाही आण्णा,” मी चुलीपासून म्हणाले. “तिथंही वेळ नव्हता.”